नव्या सायकलचे डावे पायडल

आज शाळा सुटल्यावर आठवीतली एक मुलगी नवी कोरी सायकल हाताने ढकलत फाट्याकडे निघालेली दिसली. दांड्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता आणि डावे पायडल तिच्या हातात होते. विचारले तेव्हा कळले की पायडल डगडगते म्हणून काल वडील सायकल दुकानात घेऊन गेले होते. तिथे ते पान्याने कचकचून आवळून दिले आणि वर ऐकवले, "पोरीले चालवता येत नसन, तं पायडल निघनच." आज ते भर रस्त्यात निखळले. तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

सायकल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल नेहमीच्या बोल्टप्रमाणे उजवीकडे फिरवून आवळायचे आणि डावे डावीकडे, म्हणजे चालवताना ते सैल होत नाही. चूक होऊ नये म्हणून आसाच्या टोकावर 'एल' आणि 'आर' ही अक्षरेही कोरलेली असतात. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच सहज बसायला हवेत, पाना त्यानंतर लावायचा. घाईत तिरपे घुसवून जोर दिला की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांडीचे, आटे कापले जातात आणि मग कितीही आवळले तरी पायडल धरत नाही. मी त्या मुलीच्या क्रँकच्या भोकात बोट फिरवून पाहिले. आट्यांच्या जागी गुळगुळीत कडा होती आणि बोटाला लोखंडाचा चकाकणारा कीस लागला. आता सांगा, यात तेरा वर्षांच्या मुलीच्या चालवण्याचा काय दोष?

आपल्या जिल्ह्यात अशा कितीतरी सायकली मानव विकास कार्यक्रमाच्या अनुदानातून घेतल्या जातात. राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ही योजना आहे आणि ती चांगली आहे, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण पावती जपून ठेवायला सगळे सांगतात, सायकल नीट जोडली आहे की नाही हे कोणीच विचारत नाही. पेरणीच्या दिवसांत, खताबियाण्यांची उसनवारी चालू असताना, तो बाप पोरीसाठी मजुरी बुडवून दोनदा दुकानाची पायरी चढला आणि दोन्ही वेळा मान खाली घालून परतला.

जूनअखेरीस शाळा उघडतात तेव्हा दुकानात सुट्या भागांच्या सायकली एकदमच येऊन पडतात आणि जोडणाऱ्या पोरांना जेवायलाही उसंत नसते, हे मान्य. तरीही पैसे मोजून घेताना जी सवड मिळते, ती डावे पायडल बसवताना का मिळू नये?

खरे तर नव्या सायकलला फार काही लागत नाही. शिकणाऱ्या मुलीची सीट आधी इतकी खाली ठेवावी की तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तोल आला की ती हळूहळू वर घ्यावी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर. सीटच्या नळीवर एक खूण असते, तिच्यापेक्षा नळी वर काढू नये. "वाढत्या अंगाची आहे" म्हणून मोठी सायकल घेणाऱ्या पालकांनी हे नीट वाचावे, कारण लोंबकळत चालवणारी मुलगी पहिल्या उताराला घाबरते आणि पुन्हा सायकलला हात लावत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेलाच लिहिलेले असते. दोन्ही ब्रेक बरोबर दाबायला शिकवावे, नुसता पुढचा दाबला तर मुरमावर चाक घसरते. ओढणी कमरेला गाठ मारून बांधावी आणि चेनकव्हर काढून टाकू नये. पांदण रस्त्याने येणाऱ्यांच्या मडगार्डमध्ये काळी माती घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. तेव्हा जोर लावून दामटू नये, उतरून काडीने माती काढावी.

आणि दोन-तीन आठवडे चालवल्यावर सायकल एकदा मिस्त्रीला दाखवावीच. नव्या ब्रेकची तार ताणून लांबते, चाकाच्या तारा सैल होतात, नटबोल्ट ढिले पडतात. नव्या वस्तूचे हे स्वाभाविक आहे, पण सायकल देताना दुकानदाराने एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे?

फाट्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी आज तिची सायकल पाहिली. "हे उलट्या आट्याचं हाये बाई, तुहा काही दोष नाई," असे ते तिला म्हणाले, तेव्हा मघापासून गप्प असलेली ती पोर पहिल्यांदा बोलायला लागली. मीही जरा निवळलो. डावा क्रँक बदलावा लागेल, असे त्यांनी सांगितले. त्याचे पैसे त्या दुकानानेच दिले पाहिजेत आणि त्यासाठी सोमवारी तिच्या वडिलांबरोबर मी स्वतः जाणार आहे.

त्याआधी रविवारी सकाळी मिस्त्रीकाका शाळेच्या पटांगणात येणार आहेत. ज्यांच्या घरी यंदा नवी सायकल आली आहे, त्यांनी ती घेऊन यावे. पैसे लागणार नाहीत. मुलीबरोबर आई किंवा वडील यांपैकी एकाने जरूर यावे, म्हणजे डाव्या पायडलला पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे घरात आणखी एकाला कळेल.