गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

मागच्या मंगळवारी दुपारी मी नाशिकच्या अंबडला कंपनीत होतो. आईचा फोन. "अरे, गीझरखालचा पाईप फुटलाय, घरभर पाणी झालंय. काय करू?" आई ७१ वर्षांची, घरात एकटी. इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये मी १२ वर्षं राहतोय आणि पाणी कुठून बंद करायचं हे मला तिला सांगता आलं नाही.

गीझरचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून गीझरकडे जाणाऱ्या पाण्याचा छोटा नळ, तिने फिरवून पाहिला, क्षार बसून जाम. शेजारच्या काकांनी खाली पळत जाऊन गेटजवळचा पालिकेच्या लाईनचा कॉक बंद केला. तरी धार तशीच. कशी थांबणार? गंगापूर धरणाचं पाणी आमच्याकडे आधी जमिनीतल्या टाकीत पडतं, मोटारीने गच्चीवर चढतं आणि घरातल्या नळांना येतं ते त्या वरच्या टाकीतून. बंद करायला हवा होता टाकीतून आमच्या घराकडे उतरणाऱ्या पाईपवरचा व्हॉल्व्ह. गच्चीला कुलूप होतं. किल्ली सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याकडे आणि ते त्र्यंबकला गेलेले. पाऊण तास आई पाण्यात उभी होती. गीझर चालू आहे, आधी मेन स्विच पाड, हे मला सुचलं तेसुद्धा दहा मिनिटांनी. अजून झोप लागत नाही नीट.

मला राग याचा येतो की फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरचा माणूस टाइल्स दाखवतो, मॉड्युलर स्विच दाखवतो, पण गच्चीवर नेऊन "हा तुमचा व्हॉल्व्ह" असं कुणी सांगत नाही. आपणही विचारत नाही.

रविवारी प्लंबरला घेऊन वर गेलो. एका रांगेत आठ व्हॉल्व्ह, एकावरही नंबर नाही. आमचा जुना, गोल चाकाचा, गेट व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं न फिरवल्याने गच्च बसलेला. प्लंबर म्हणाला, जोर लावू नका, दांडा तुटला तर सगळ्या बिल्डिंगचं पाणी बंद करून बसावं लागेल. तो काढून बॉल व्हॉल्व्ह बसवला. याची दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव फेरा पुरतो, म्हाताऱ्या हातालाही जमतो. फक्त दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करत राहायचं, म्हणजे क्षार धरत नाहीत. आणि वरून बंद केल्यावरही पाईपमध्ये उरलेलं पाणी थोडा वेळ येतंच, तेव्हा घाबरून परत उघडू नका.

मग एकेकाच्या घरी नळ सोडायला लावून, वरून व्हॉल्व्ह बंद करून, कुठला कुणाचा ते शोधलं. दीड तास गेला. ऑइल पेंटने फ्लॅट नंबर टाकले. दुसरी किल्ली आता वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला.

काल संध्याकाळी आईला हात धरून वर नेलं. तिने स्वतः दांडी आडवी केली, खाली येऊन स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. थोडं पाणी आलं, मग थेंब, मग काही नाही. "पुन्हा एकदा करून बघू दे," म्हणाली.