रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि आपली मंडळी

राज्य शासनाने फेब्रुवारी 2025 मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून जालना आणि बीडकडच्या माझ्या ख्रिस्ती नातलगांशी बोलताना एक उत्तर वारंवार ऐकू येते. प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे, म्हणून मंडळीने, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजाने, या बाबतीत काही बोलू नये, असे ते म्हणतात. हे वाचन मला मान्य नाही.

त्याच अध्यायात अधिकारी हा लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे असेही लिहिले आहे, आणि सेवकाला त्याच्या कामाची आठवण करून देणे हा अवमान ठरत नाही. पौल स्वतः तसाच वागला. फिलिप्पै या शहरात रोमी नागरिक असूनही त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जा असा निरोप आला, तेव्हा त्याने नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, अशी त्याची मागणी होती आणि ते आले. पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. येशूचा शिष्य पेत्र याने तर यहुदी न्यायसभेसमोर उभे राहून माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी असल्याचे सांगितले.

मी जिथे राहतो त्या जर्मनीत या अध्यायाचा मोठा गैरवापर झालेला आहे. हिटलरच्या काळात अनेक पाळकांनी या अध्यायाच्याच आधारे शासनाची साथ केली. त्याविरुद्ध मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या मंडळींनी जाहीर केले की न्याय व शांतता राखणे हे शासनाला देवाने दिलेले काम आहे, पण माणसाच्या संपूर्ण जीवनावर त्याची सत्ता चालत नाही. आज इथली काही चर्चे हद्दपारीचा आदेश मिळालेल्या निर्वासिताला आश्रय देतात आणि त्याचे नाव व पत्ता स्वतःहून शासनाला कळवतात. पोलिसांना आत येण्यास कायद्याची आडकाठी नाही, तरी ते सहसा येत नाहीत. मात्र आश्रय देणाऱ्या काही धर्मसेवकांवर खटले झाले आहेत. यातला उघडपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मराठवाड्यात मात्र वरवर आज्ञापालन आणि आत लपवाछपवी अशी अवस्था आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. परिणामी कित्येक घरांत रविवारी उपासना होते, पण मुलांच्या दाखल्यावर धर्म वेगळाच असतो. ज्या पाटावर आजोबांना बसू दिले नाही, त्याच्या आठवणी बाप्तिस्म्याने पुसल्या गेल्या नाहीत, मग हक्क तेवढा का पुसला जावा, हा या लोकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना ढोंगी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पण त्या दाखल्याने कायदा पाळलाही जात नाही आणि त्याला आव्हानही मिळत नाही. उलट, उद्या कोणी तक्रार केली तर त्या मुलाची नोकरी जाते, आणि त्याच्या बाजूने उभी राहायला मंडळी कचरते.

1938 मध्ये निजामाच्या राजवटीत हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी संघटनेवरची बंदी जाहीरपणे मोडली आणि स्वामी रामानंद तीर्थांसह अनेकांनी तुरुंगवास पत्करला. ही रीत आपल्याच मातीतली आहे. इथून हे लिहिणे सोपे आहे, कारण इथे जात कोणी विचारत नाही, आणि तिकडे जमावाची भीती खरी आहे. म्हणून एकेकट्या कुटुंबाकडून नव्हे, मंडळींकडून अपेक्षा ठेवावी लागते. केंद्र शासनाने नेमलेल्या रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली आहे. तिचा आधार घेऊन प्रत्येक मंडळीने, पाळकांच्या आणि पंचांच्या सहीने, आपल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्र शासनाला निवेदन द्यावे, आणि धर्मांतराच्या कायद्याबाबतचे आक्षेपही त्याच रीतीने लेखी नोंदवावेत.