"अमेरिका संपली, फटाके लावा" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

चार दिवसांत हा मेसेज मला सहा ग्रुपवर आला. पाच ठिकाणी मी गप्प बसलो. सहावा ग्रुप आमच्या घरचा, आणि तिथं तो टाकला माझ्या मावशीने, खाली हात जोडल्याचे तीन इमोजी. तिचा मुलगा बोटीवर असतो. म्हणून आता सविस्तरच लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की 1961 ला अमेरिकेचं सातवं आरमार गोवा पोर्तुगालला परत मिळवून द्यायला निघालं होतं, रशियाच्या पाणबुड्यांनी ते अर्ध्या वाटेवर अडवलं, तेव्हापासून अमेरिका आपली दुश्मन. आता ती संपली, आखातातून पाय काढतेय, तिची जागा भारत, रशिया आणि चीन मिळून घेणार, त्यामुळे आखातातल्या आणि बोटीवरच्या आपल्या गोंयकारांनी निर्धास्त राहावं, आणि तशीही आपल्याला अमेरिकेची गरज कधी नव्हतीच.

आधी गोव्याचं घेतो, कारण सगळ्यात मोठी थाप तिथंच आहे.

1961 च्या डिसेंबरात अमेरिकेचं कुठलंही आरमार गोव्यावर चालून येत नव्हतं. कुणीतरी 1971 ची गोष्ट उचलून इथं चिकटवलीय. बांगलादेश युद्धात निक्सनने सातव्या आरमाराची एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली होती आणि सोव्हिएत नौका तिच्या मागावर आल्या होत्या, हे खरंय, पण ते दहा वर्षांनंतर आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला. आपल्याकडे 1961 ला पोर्तुगालची एकच धड युद्धनौका होती, अफोन्सो द आल्बुकेर्क, ती 18 तारखेला आपल्या नेव्हीशी लढून जखमी होऊन किनाऱ्याला लागली, त्याच दिवशी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि 19 ला संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वाने शरणागती पत्करली. अंजदीव बेटावर आपल्या नेव्हीची सात पोरं गेली. त्यांच्या रक्ताचं श्रेय कुठल्या तरी न आलेल्या पाणबुडीला द्यायचं हे मला सहन होत नाही, खरंच सांगतो.

रशियाची मदत झाली, पण ती न्यूयॉर्कमध्ये. 18 डिसेंबरला सुरक्षा परिषद बसली, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं ठराव आणला की भारताने सैन्य मागे घ्यावं, त्याला सात मतं पडली, विरोधात चार, आणि त्या चारांत सोव्हिएत युनियन असल्यामुळे व्हेटो लागून ठराव पडला. बाकीचे तीन कोण होते तेही लक्षात ठेवा: सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. हे तिघे छोटे देश आपल्या बाजूने उभे राहिले, त्यांचं नाव कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

आता "दुश्मन" हा शब्द. अमेरिका तेव्हा आपल्या विरोधात गेली हे मी नाकारत नाही. 1955 ला त्यांचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबत निवेदन काढून गोव्याला पोर्तुगालचा "प्रांत" म्हटलं होतं, ते आपल्या लोकांना झोंबलं आणि झोंबायलाच हवं होतं. पण कारण काय होतं बघा. अटलांटिकमध्ये अझोरेस बेटं आहेत, पोर्तुगालची, तिथल्या लाजेस तळावरून अमेरिकेची लष्करी विमानं युरोपकडे ये-जा करायची, आणि त्या तळाचा करार 1962 च्या अखेरीस संपत होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या हातात ती चावी होती. एवढं असूनही त्याच 1961 च्या मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या विरोधात, म्हणजे रशियाच्या बाजूने मत दिलं होतं. आणि नाटोचं म्हणाल तर पोर्तुगाल त्यात पहिल्यापासून होता, पण नाटोचं कलम उत्तर अटलांटिकपुरतं, गोवा त्यात बसतच नव्हता.

पुढची गोष्ट मेसेज सांगत नाही. गोवा मुक्त झाल्यावर दहा महिन्यांनी चीन आपल्यावर चढून आला, तेव्हा नेहरूंनी पत्र लिहिलं ते केनेडींना, आणि शस्त्रं आणि वाहतुकीची विमानं आली ती अमेरिकेकडून. आणि ज्या रशियाने आपल्यासाठी व्हेटो वापरला होता त्यांच्या 'प्रवदा' या वर्तमानपत्राने ऑक्टोबर 1962 मध्ये चीनची बाजू उचलली, कारण तेव्हा क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून त्यांचं अमेरिकेशी प्रकरण पेटलं होतं आणि त्यांना चीन जवळ हवा होता. आता सांगा कोण दोस्त आणि कोण दुश्मन? मोठी सत्ता आपापला हिशोब बघते, 1961 ला अझोरेस होतं, 1962 ला क्यूबा होतं, उद्या आणखी काही असेल.

"अमेरिका संपली" याबद्दल गोव्यात राहणाऱ्या माणसाने तरी जपून बोलावं. आपण एका सत्तेचं ओसरणं घरात बसून बघितलंय. पोर्तुगीजांच्या हातून होर्मुझ 1622 ला गेलं, मलाक्का 1641 ला, कोची 1663 ला, वसई 1739 ला चिमाजी आप्पांनी घेतली. समुद्रावरचा त्यांचा दरारा तेव्हाच संपला होता म्हणा. पण होर्मुझ गेल्यापासून ते दाबोळीवर बॉम्ब पडेपर्यंत 339 वर्षं गेली, आणि तेवढी सगळी वर्षं ते आपल्या डोक्यावर होतेच. सत्ता म्हणजे दिवा नव्हे, फू केली आणि विझला.

आणि अमेरिका तर अजून त्या टप्प्यालाही आलेली नाही. 11 विमानवाहू नौका, बहरीनमध्ये पाचव्या आरमाराचं मुख्यालय, कतारमध्ये अल उदेदचा तळ, आपल्या दक्षिणेला दिएगो गार्सिया बेटावरचा तळ, जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या राखीव चलनात डॉलर अजूनही निम्म्याहून जास्त. पण बदललंय ते निश्चित, ते मी मान्य करतो, आणि बदल ताकदीपेक्षा मनात झालाय. पूर्वी समुद्राचा रस्ता सगळ्यांसाठी उघडा ठेवणं हे ते आपलं काम समजायचे, त्यात त्यांचा फायदा होता तरी बाकीच्यांचंही निभावायचं. आता ते आपल्यापुरतं बघतात. मे 2025 ला ओमानच्या मध्यस्थीने त्यांनी तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हूथी बंडखोरांशी समझोता केला, हल्ले थांबवले, आणि जुलैत हूथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी अशा दोन बोटी चार दिवसांत बुडवल्या. त्या बोटी अमेरिकन नव्हत्या ना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रायलने दोहावर हल्ला केला, ज्या कतारमध्ये अमेरिकेचा एवढा मोठा तळ त्याच्या राजधानीवर, आणि आठ दिवसांत सौदीने पाकिस्तानशी संरक्षण करार केला. म्हणजे अमेरिकेवरचा भरवसा कमी झाला तेव्हा आखातातली मंडळी वळली कुणाकडे? पाकिस्तानकडे! यात आपण फटाके कशाला लावायचे?

आता मला ज्याच्यासाठी लिहायला बसावं लागलं ते. "बोटीवरच्यांनी निर्धास्त राहावं."

माझा मावसभाऊ मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनियर आहे. मावशीच्या मोबाईलवर बोटी दिसणारं ते ॲप आहे, त्यात त्याची बोट म्हणजे एक छोटा हिरवा बाण. सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेतले की ती चष्मा लावून पहिला तो बाण बघते, मग चहा. एकदा अदनच्या खाडीजवळ तो बाण जिथं होता तिथंच थांबला. दोन दिवस हलला नाही. हल्ल्याच्या भीतीने बोटीने आपली ओळख सांगणारं यंत्र बंद केलं होतं, एवढंच होतं, पण हे तिला कोण सांगणार, तिने दोन दिवस ते ॲप बंदच केलं नाही, चार्जरला लावून देवघराजवळ ठेवला होता मोबाईल. तो नंतर सांगत होता की रेलिंगला काटेरी तारा गुंडाळलेल्या, रात्री बाहेर एक दिवा नाही, आणि अलार्म झाला की सगळ्यांनी इंजिन रूममधल्या त्या कोंडलेल्या खोलीत जाऊन बसायचं, कारण चाचे आत शिरले तरी तिथून मशीन बंद करता येतं.

पुढच्या खेपेला कंपनीने बोट तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपवरून वळवली, प्रवास दोन आठवडे वाढला, बदलीचा माणूस लांबला, आणि चवथीला येणारा पोरगा दसऱ्यालाही आला नाही.

हे कुणाच्या राज्यात घडलं? अमेरिकेने काम अर्धवट केलं तेव्हा. त्या काळात आपली नेव्ही मात्र धावली, हे अभिमानाने सांगायला हवं. जानेवारी 2024 ला एमव्ही लीला नॉरफॉकवरचे 21 जण सोडवले, त्यात 15 भारतीय. त्याच महिन्यात मार्लिन लुआंडा ही बोट पेटली तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमची माणसं आग विझवायला चढली. मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने एमव्ही रुएनवरचे 35 चाचे शरण आणले आणि 17 खलाशी सोडवले. पण सोडवायला जाणं वेगळं आणि सबंध रस्ता रोज राखणं वेगळं, त्यासाठी लागणाऱ्या नौका आज आपल्याकडे नाहीत.

मग मेसेज म्हणतो तसं भारत, रशिया आणि चीन तिघे मिळून? चीनने 2017 ला जिबुतीत तळ उघडला, त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या लीजवर घेतलं. हे सगळं आपल्याला सोबत घेण्यासाठी केलं असं ज्याला वाटतं त्याने एकदा नकाशा उघडून बघावा. आणि जागा रिकामी झाली की ती कोण कशी भरतो याचंही उदाहरण आहे. 1971 ला ब्रिटिशांनी आखात सोडलं, अमिरातीची स्थापना 2 डिसेंबरला, आणि 30 नोव्हेंबरला, म्हणजे दोनच दिवस आधी, इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरची तुंब बेटं आणि अबू मुसा ताब्यात घेतली. तो तंटा अजून मिटलेला नाही.

"आपल्याला गरज नव्हतीच" यावर फार लिहायला नको. मी वास्कोत राहतो, दाबोळीवरून काय उडतं ते रोज बघतो. आयएनएस हंसावर, म्हणजे इथल्या नेव्हीच्या तळावर, मिग 29 के लढाऊ विमानं आहेत ती रशियन, आणि मार्च 2022 पासून समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या पी-8आय विमानांचं पथक आहे ते अमेरिकन बनावटीचं, एकाच धावपट्टीवर. पलीकडे गोवा शिपयार्डमध्ये त्रिपुट आणि तवस्या या युद्धनौका बनतायत, आराखडा रशियाचा, टर्बाइन युक्रेनची. ज्या देशांचं आपसात युद्ध चालू आहे त्यांचं सामान आपण एका बोटीत बसवतोय, आणि ते बरोबरच करतोय. यातलं कुठलंही एक तोडून टाका म्हणणाऱ्याने आधी एक दिवस या धक्क्यावर येऊन काम बघावं.

मावशीला काल फोन केला. म्हटलं, मेसेजमधलं खरं नाही. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अरे त्यात लिहिलं होतं धोका नाही म्हणून पाठवला. पुढच्या महिन्यात त्याचं नवीन कॉन्ट्रॅक्ट आहे, आणि कंपनीने तांबड्या समुद्रातून जायला तयार आहे अशी सही मागितलीय. युनियनच्या करारात नाही म्हणायचा हक्क असतो, परत यायचा खर्च कंपनीचा, ते मी तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, मग सही नको ना करू दे? मी म्हटलं, त्या एका कागदावर नको, बाकी जाऊ दे त्याला.