झाकल्या मुठीचे खुले मानक

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावाची नोंद ठेवणाऱ्या सर्व सॉफ्टवेअरसाठी एकच मानक ठरवण्याची जबाबदारी उद्या तुमच्या समितीवर आली, तर सर्वप्रथम ते मानक खुले असल्याचे जाहीर करावे आणि मग निर्धास्तपणे दार लावून घ्यावे. खुलेपणा नावापुरताच ठेवावा. तो मसुद्यात शिरला, तर एखादा अडत्या ‘शेकडा म्हणजे नेमके किती नग धरले?’ असे विचारील आणि समितीला एकमेकांकडे पाहावे लागेल.

सदस्यांच्या सह्या गोपनीयतेच्या करारावर घ्याव्यात, शक्यतो तो वाचायला देण्यापूर्वी. बैठक मे महिन्यात सिव्हिल लाइन्समधल्या वातानुकूलित सभागृहात ठेवावी. त्या दिवसांत दार का लावले, असे नागपुरात कोणी विचारत नाही. हरकती अवश्य मागवाव्यात, फक्त मसुदा दाखवू नये.

इंटरनेटचे नियम घडवणाऱ्या मंडळींचे अनुकरण कटाक्षाने टाळावे. एप्रिल १९६९ पासून ती आपल्या टिपणांना ‘अभिप्रायाची विनंती’ (रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजेच आरएफसी) म्हणवत आली आहेत आणि १९९६ च्या आरएफसी क्रमांक २०२६ मध्ये तर, गोपनीयतेची अट असलेले योगदान विचारातच घेतले जाणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही १९९७ मध्ये नव्या कूटलेखन पद्धतीसाठी जाहीर आवाहन केले, स्वीकारलेले १५ प्रस्ताव जगभरच्या तज्ज्ञांपुढे फोडून पाहण्यासाठी ठेवले आणि २००० साली दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली. परक्यांना इतके डोक्यावर बसवणे आपल्याला परवडणारे नाही.

कित्ता गिरवायचा तर जीएसएम या मोबाइल प्रणालीचा गिरवावा. संभाषणाचे रक्षण करणारी ए५/१ ही पद्धतच तेथे गुप्त ठेवली होती. १९९९ मध्ये संशोधकांनी ती फोनमधून उलगडून काढली, तिच्यातील कच्चे दुवे चव्हाट्यावर आले. मात्र तोवर ते फोन कोट्यवधी लोकांच्या खिशात होते. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, परंतु तांबडे फुटेपर्यंत समितीची मुदत संपलेली असते, ही मोठी सोय आहे.

गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील ज्या तरुणाला हे मानक प्रत्यक्षात उतरवायचे आहे, त्याला त्यातील तरतुदी तर्री पोह्यांच्या गाडीवर तुमच्याच वाहनचालकाकडून कळतील. त्यामुळे तुम्ही घाबरून जाऊ नये. तो तरुण लगेच शेकड्याचा प्रश्न विचारील. ही बाब गोपनीय असल्याचे त्याला लेखी कळवावे.