प्रेक्षक गेले, प्रायोजक राहिले

१३ मार्च २०२० रोजी इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग स्थगित झाली, तेव्हा माझा संघ लिव्हरपूल २५ गुणांनी पुढे होता. तीस वर्षं विजेतेपदाचा पत्ता नाही, आता नऊ सामने उरलेत, त्यातले दोन जिंकले की झालं, आणि नेमकं तेव्हाच जग बंद पडलं. महामारीत ज्यांनी खरोखर काही गमावलं होतं त्यांच्यासमोर हे दुःख काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी ते फक्त घरच्यांसमोर काढत होतो. रोज. आई म्हणाली, "तीस वर्षं थांबलास ना? मग आणखी तीस थांब." बायको म्हणाली, "भांडी."

खेळ थांबला, पण क्रीडावाहिन्या थांबल्या नाहीत. जाहिराती होत्याच. दोन जाहिरातींच्या मध्ये काहीतरी दाखवावं लागतं म्हणून जुने सामने लावायचे. त्या जाहिरातींनाही लॉकडाऊन लागलेला असावा. आधी पियानो वाजायचा, एका वेळी एकच सूर. मग रिकामा रस्ता. मग खिडकीतून बाहेर बघणारी एक लहान मुलगी. मग कोणीतरी घसा भरून सांगायचं, की या कठीण काळात आम्ही तुमच्यासोबत आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण, हे शेवटच्या दोन सेकंदांत कळायचं. गादीवाले, बँकवाले, टायरवाले, सगळे आमच्यासोबत होते. आई या जाहिरातींची पक्की प्रेक्षक. पियानो सुरू झाला की तिचे डोळे भरून यायचे आणि शेवट आला की ती पदराने ते पुसून विचारायची, "पण हे विकतायत काय?" एकदा तर ती वाहनविमा विकणाऱ्यांसाठी रडली होती. आमची गाडी तेव्हा खाली धूळ खात उभी होती आणि तिला धडकायला रस्त्यावर दुसरी गाडीही नव्हती.

मोठ्या कंपन्यांनी तर स्वतःची चिन्हंच विलग केली. मॅकडॉनल्ड्सने ब्राझीलमध्ये आपल्या दोन सोनेरी कमानी एकमेकींपासून लांब नेल्या. ऑडीने एकमेकींत अडकलेल्या चार कड्या सुट्या केल्या. कोका-कोलाने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर नावातली अक्षरं दूरदूर बसवली. वाचून बरं वाटलं. पण कड्यांना जागा होती हो. आम्ही चौघं दोन खोल्यांत होतो, त्यात एकाची शाळा, दोघांची ऑफिसं आणि एकीचा जप. चार कड्यांनी आमच्याकडे राहून दाखवायचं होतं.

जुन्या सामन्यांवर बायकोचा आक्षेप तर्कशुद्ध होता. "निकाल माहीत आहे तर ओरडतोस कशाला?" याला उत्तर नाही. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा इस्तंबूलमधला २००५चा अंतिम सामना मला पाठ आहे. मध्यंतराला मिलान ३–०ने पुढे, मग लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल, शेवटी पेनल्टींवर विजय. तरीही प्रत्येक वेळी मध्यंतराला माझ्या पोटात गोळा येतो, न जाणो, या वेळी हरले तर. १९८६च्या विश्वचषकातला अर्जेंटिना-इंग्लंड सामना मात्र घरातल्या सगळ्यांनी बसून पाहिला, कारण त्या दिवशी इंटरनेट गेलं होतं. त्या स्पर्धेच्या प्रायोजकांची यादी आज वाचली तरी गंमत वाटते. खेळाच्या सर्वांत मोठ्या सोहळ्याला कॅमल सिगारेटचा हातभार! मुलाने विचारलं, "बाबा, फुजीफिल्म म्हणजे काय?" कॅमेऱ्यात रोल घालायचा, छत्तीसच फोटो निघायचे आणि ते कसे आलेत हे आठवड्याने कळायचं, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी बाष्प इंजिन बनवणाऱ्याकडे पाहीन. तेवढ्यात मॅराडोनाने हाताने चेंडू गोलात ढकलला. "हात! हात लावला!" चौतीस वर्षांचा राग मी एका दमात काढला. आई जपमाळ थांबवून म्हणाली, "धुतले होते का त्याने?"

मग बेलारूस सापडलं. सगळ्या जगात शुकशुकाट असताना या देशाची लीग चालू होती. विषाणूवर तिथले राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांचं औषध होतं व्होडका, सौना आणि ट्रॅक्टर. एरवी त्यांच्या लीगकडे शेजारच्या देशाने ढुंकून पाहिलं नसतं, पण आता लांबलांबच्या देशांतले प्रक्षेपणवाले हक्क मागायला धावले. दिनामो ब्रेस्त या गतविजेत्या संघाने तर परदेशी चाहत्यांना ऑनलाइन तिकिटं विकली आणि तिकीट घेणाऱ्याच्या फोटोचा मुखवटा लावून पुतळे स्टँडमध्ये बसवले. मी ब्रेस्तचा कट्टर समर्थक झालो. बायकोने विचारलं, "कोण खेळतंय?" म्हटलं, "ब्रेस्त." "कोणाशी?" "ते नक्की माहीत नाही, पण आपण हरतोय." या काळातल्या सर्वांत सुखाच्या जाहिराती मी तिथेच पाहिल्या. मैदानाभोवतीचे फलक मला वाचताच येत नव्हते. कोणी माझ्यासोबत असल्याचं सांगत होतं की कसं, कळायला मार्ग नव्हता, आणि काही विकत घ्यावंसंही वाटत नव्हतं.

१६ मेला जर्मनीची बुंडेसलीगा परतली. डॉर्टमुंडने शाल्केला ४–० हरवलं. पहिला गोल हालांडचा, आणि तो झाल्यावर सगळे सहकारी हातभर लांब उभे राहून नाचले. ८१ हजारांच्या मैदानात चेंडूला लाथ बसल्याचा 'थप्प' आवाज ऐकू येत होता. प्रशिक्षकाची जर्मन ओरड ऐकून आईला ती आमच्या आजोबांची वाटली. खेळाडू, पंच, काठावरचे फलक, सगळं जागच्या जागी होतं, माणसं तेवढी गायब. रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून जागोजाग त्यांच्यावर मोठमोठी कापडं अंथरली गेली, आणि कापड कोरं ठेवणं व्यापाराच्या स्वभावात नसल्याने त्यावर नावं छापली गेली. म्हणजे जो प्रेक्षक जाहिरात बघायला यायचा, त्याच्याच खुर्चीवर आता जाहिरात बसली. मॉन्शनग्लाडबाख या क्लबने चाहत्यांकडून १९ युरो घेऊन त्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे स्टँडमध्ये उभे केले. स्वतः घरी बसायचं आणि आपला पुठ्ठा मॅच बघतोय हे टीव्हीवर बघायचं! दक्षिण कोरियाच्या एफसी सोलने पुतळेच मागवले, पण ते भलत्याच कामाच्या बाहुल्यांपैकी निघाले आणि त्यांच्या हातात तसलेच माल विकणाऱ्यांच्या पाट्या. क्लबला दहा कोटी वॉनचा दंड झाला. ही बातमी मी आईला अर्धीच वाचून दाखवली.

माणसं नसली की यंत्रंही बावचळतात. प्रीमियर लीग १७ जूनला पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक चेंडूसकट गोलात गेला, तरी चेंडू रेषेपलीकडे गेल्याचं पंचांच्या मनगटावरच्या घड्याळाला कळवणाऱ्या यंत्रणेने इशाराच दिला नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसमध्ये चेंडूचा आपोआप माग काढणारा कॅमेरा लावला होता. त्याने लाइन्समनच्या टकलालाच चेंडू मानलं आणि सामनाभर तो त्या टकलाकडे वळत राहिला. माझं स्वतःचं डोकं लॉकडाऊनमध्ये घरच्या कात्रीखाली गेलेलं असल्याने मी या बातमीवर फार हसलो नाही.

शांतता सहन होईना म्हणून प्रक्षेपणात गर्दीचा आवाज मिसळू लागले. तो आला ईए स्पोर्ट्सच्या व्हिडिओ गेममधून. खऱ्या खेळाची नक्कल करणाऱ्या खेळाने खऱ्या खेळाला आवाज उसना दिला. या उसन्या गर्दीने आमच्या घरात एक प्रसंग घडवला. बायकोची मीटिंग चालू होती आणि तिचा माइक चुकून उघडा होता. साहेब जड आवाजात सांगत होते, की यंदा पगारवाढ होणार नाही. त्याच क्षणी इकडे गोल झाला आणि पन्नास हजार माणसं आमच्या बैठकीतून जल्लोष करत उठली. नंतर दोघा-तिघा सहकाऱ्यांनी तिला खासगीत निरोप पाठवून तिच्या धैर्याचं कौतुक केल्याचं कळलं.

आता भांड्यांकडे येतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात कामांची वाटणी झाली आणि नियम ठरला, टीव्ही बघायचा असेल तर काम जाहिरातीत उरकायचं. वरवर न्याय्य वाटतो. हा नियम क्रिकेटप्रेमी माणसाने केला असणार, कारण त्यांना प्रत्येक षटकानंतर जाहिरात मिळते. षटकाला एक पातेलं धरलं तरी एकदिवसीय सामन्यात लग्नघरची भांडी निघतील. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं सलग खेळ, मध्ये १५ मिनिटांची विश्रांती, पुन्हा ४५. मधे जाहिरात शिरत नाही, म्हणून तर ती खेळाडूच्या छातीवर जाऊन बसली. जर्मनीत १९७३ साली ब्राउनश्वाइगच्या खेळाडूंनी दारूच्या कंपनीचं हरीण छातीवर लावलं आणि वाट मोकळी झाली. माझा हा इतिहास बायकोने ऐकून घेतला. म्हणाली, "म्हणजे जाहिरात सतत चालूच असते. मग तर तू सतत भांडी घासू शकतोस."

यातून मला वाचवलं ते प्रीमियर लीगनेच. पुन्हा सुरू झालेल्या सामन्यांत खेळाडू दमतील म्हणून प्रत्येक अर्ध्या भागात मध्यावर एक मिनिटाचा पाण्याचा ब्रेक ठेवला होता. खेळाडू बाटलीपाशी, मी नळापाशी. साठ सेकंदांत दोन ताटल्या, एक कढई आणि चमच्यांचा एक अन्याय, म्हणजे ते नुसतेच विसळायचे. फुटबॉलच्या इतिहासात या ब्रेकवर बरीच टीका झाली आहे, पण टीकाकारांच्या घरी भांडी कोण घासतं याची चौकशी व्हायला हवी.

आणि मग २५ जूनची रात्र. तीस वर्षांनी विजेतेपद आलं, तेही लिव्हरपूल खेळत नसताना. चेल्सीने मँचेस्टर सिटीला २–१ हरवलं आणि आम्ही घरबसल्या विजेते झालो. 'घरबसल्या' हा शब्द इतका शब्दशः कधी खरा ठरला नसेल. घरात सगळे झोपले होते. मी तोंडात उशीचा अभ्रा धरून ओरडलो, पायांचा आवाज होऊ नये म्हणून पलंगावरच उड्या मारल्या. मिठी मारायला कोणी नव्हतं आणि असतं तरी नियमांत बसलं नसतं. शिट्टी वाजून पुरतं मिनिट झालं नसेल, तोवर मोबाइलवर पहिलं अभिनंदन आलं. क्लबचं नव्हतं, मित्राचं नव्हतं, जर्सीवाल्यांचं होतं. विजेत्यांची जर्सी आजच मागवा.

तीस वर्षं कोणत्याही जाहिरातीला न बधलेला माणूस अशा वेळी मागवतोच. पार्सल यायला जुलै उजाडला. २२ तारखेला रिकाम्या कॉप स्टँडवर लिव्हरपूलने चषक उंचावला, फटाके उडाले, आणि दुसऱ्याच दिवशी माझी जर्सी दाराशी आली. पण घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला बायकोचा नियम लागू होता. पार्सल गॅलरीत, उन्हात, हात न लावता, ती सांगेपर्यंत. मी काचेतून बघत राहिलो. एक दिवस पाऊस आला म्हणून मुदत वाढली. मग मुलाने खोक्याला हात लावला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजणी. शेवटी मोठ्या थाटात कैची आली, खोकं उघडलं, मी जर्सी अंगात घातली आणि टीव्हीसमोर बसलो. तारीख १ ऑगस्ट. माझी जर्सी बनवणाऱ्या न्यू बॅलन्सशी क्लबचा करार संपला होता आणि त्याच दिवसापासून लिव्हरपूलचे कपडे नायकीचे झाले होते. पडद्यावर सगळा संघ नव्या जर्सीत उभा होता आणि खाली, नवी जर्सी आजच मागवा.

आई एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "अरेरे, तुझा सदरा विलगीकरणातच म्हातारा झाला की रे."