चकाचक ऑफिस, तेही निम्म्या पैशांत

तुमचं ऑफिस बाणेरला असो, वाशीला असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, ते स्वच्छ असावं असं तुम्हाला वाटतं. त्यासाठी फार पैसे जाऊ नयेत असंही वाटतं. या दोन्ही इच्छा एकदम पुऱ्या करणारा माणूस महाराष्ट्रात गल्लोगल्ली उपलब्ध आहे. त्याच्या कार्डावर 'हाउसकीपिंग, सिक्युरिटी, पेस्ट कंट्रोल, केटरिंग अँड ऑल टाइप मॅनपॉवर सप्लाय' असं छापलेलं असतं. जो माणूस एका हाताने झुरळं मारतो आणि दुसऱ्या हाताने जेवण पुरवतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

प्रथम तीन कोटेशनं मागवा. तीनच का, हे विचारू नका, ऑडिटरला फायलीत तीन कागद लागतात. तिन्ही एकाच ठेकेदाराला आणायला सांगितलीत तर तुमचाही वेळ वाचतो. दोन लेटरहेडं त्याच्या मेहुण्यांची असतात आणि मेहुण्यांचे दर नेमके थोडे जास्त असतात.

आकडे बघताना मात्र एक पथ्य पाळा: बेरीज करायची नाही. करणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. किमान वेतन आणि विशेष भत्ता मिळून, हिशेबाच्या सोयीसाठी, महिना १५,००० रुपये धरा. (खरा आकडा परिमंडळाप्रमाणे, म्हणजे तुमचं ऑफिस कुठल्या भागात आहे त्याप्रमाणे, बदलतो आणि भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारतो, पण एवढ्या खोलात आपण कशाला शिरायचं?) त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, खर्चासकट १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, सव्वातीन टक्के, ४८८. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. झाले १८,६८८. अजून साबणाचा थेंब विकत घेतलेला नाही, रजेवर गेलेल्या बाईच्या जागी कोणी आलेलं नाही, गणवेश शिवलेला नाही आणि ठेकेदाराने स्वतः घोटभर चहाही घेतलेला नाही. १८ टक्के जीएसटी दारात उभा आहे तो वेगळाच.

आणि तुमच्या टेबलावरचं कोटेशन म्हणतं: माणशी १४,५००, मटेरियलसकट.

बेरीज करणारा इथे अडतो, आणि अडला की त्याचं ऑफिस महाग पडतं. तुम्ही 'अजून पाचशे कमी करा' म्हणा. ठेकेदार कपाळाला हात लावेल, 'साहेब, मग मला काहीच उरत नाही' म्हणेल आणि कमी करेल. त्याला काही उरत नाही हे अगदी खरं आहे. उरतं ते आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी पगारातून काढलेलं असतं.

प्रेझेंटेशनला मात्र भरपूर वेळ द्या, कारण काच एवढी स्वच्छ तुम्हाला पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. पहिल्या स्लाइडवर निळ्या डांगरीतली, सोनेरी केसांची बाई हातात स्प्रे घेऊन हसत असते. तुमच्याकडे येणार आहेत त्या पहाटे नळाचं पाणी भरून, पोरांचे डबे करून, दोन बस बदलून येणाऱ्या मावशी. त्या हसतातही, पण फोटोसाठी नाही. पुढच्या स्लाइडवर यंत्रं: सिंगल डिस्क मशिन, वेट अँड ड्राय व्हॅक्यूम, स्क्रबर. 'ही सगळी आम्ही साइटवर ठेवणार' असं ठेकेदार म्हणतो, आणि पहिल्या आठवड्यात ठेवतोही. दुसऱ्या आठवड्यात कळतं की मशिनची पिन तुमच्या सॉकेटमध्ये बसत नाही. तिसऱ्यात ते 'दुसऱ्या साइटवर' जातं. दुसरी साइट म्हणजे ज्या ऑफिसात आज प्रेझेंटेशन आहे ते. तुमच्याकडे मागे राहतो एक वायपर, दोन मॉप आणि एक बादली, जिच्यातल्या पाण्याने पहिली केबिन पुसली जाते आणि त्याच पाण्याने अकरावीही.

रसायनांत लक्ष घालायचं असेल तर फक्त बाटल्या मोजा. आर-वन बाथरूमचं, आर-टू फरशीचं, आर-थ्री काचेचं, आर-सिक्स कमोडचं, अशी रांग पॅन्ट्रीच्या फळीवर लागलेली असते. कॅन अस्सल असतात. आतलं द्रावण महिन्यागणिक फिकं होत जातं आणि मार्चअखेर नळाच्या पाण्याशी त्याचं जवळचं नातं जुळतं. कमी पडलं तर डाग मारायला ॲसिड आहेच.

ॲसिडची करामत एकदा तरी जवळून बघा. तुमच्या रिसेप्शनला पांढरा संगमरवर असेल तर फारच उत्तम. सुपरवायझरला 'डाग गेले पाहिजेत' एवढंच म्हणा. तो प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला खिळ्याने भोक पाडून आणेल आणि धार सोडेल. लगेच सर्र आवाज होतो, पांढरा फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय मळ साचला होता! फेस मळाचा नसतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड त्यालाच खातं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतं. निघतोय तो दगड. दोन-चार वेळा असं झालं की पॉलिश उडतं, दगड खरखरीत होतो, खरखरीत दगडात मळ जास्त बसतो आणि मग जास्त ॲसिड लागतं. करारात याला 'रेग्युलर मेंटेनन्स' म्हणतात.

हेच ॲसिड संडासात टाकून त्यावर, 'जंतू पण मेले पाहिजेत' म्हणून, ब्लीच ओतलं की क्लोरीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी सिलिंडर भरभरून सोडला होता तोच वायू. तुमच्याकडे तो चार बाय सहाच्या खोलीत, एक्झॉस्ट बंद असताना, नगण्य खर्चात मिळतो. मावशी डोळे पुसत, खोकत बाहेर येतील. त्यांना 'मास्क लावत जा हो' असं प्रेमाने सांगा. मास्क कोणी द्यायचा हे करारात नाही, आणि कापडी मास्कला क्लोरीन जुमानतही नाही.

एरवी स्वच्छता ओळखायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे नाक. लिंबाचा वास आला, ऑफिस स्वच्छ. मोगऱ्याचा आला, फारच स्वच्छ. मुतारीत नेप्थलीनच्या गोळ्या मूठभर टाकल्या की डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलेल्या डोळ्यांना कडेचा पिवळा थर दिसत नाही. नाकाला हात लावून बघता येत नाही हा त्याचा मोठा गुण. हाताला मात्र आवरा. पाणी पिण्याच्या कूलरखालचा ट्रे, फ्रिजच्या दाराचं रबर, एसीची जाळी, कॉन्फरन्स रूमच्या टेबलाची खालची कड, इथे बोट फिरवणाऱ्या माणसाला सुख लाभलेलं मी पाहिलेलं नाही.

फडक्यांचं शास्त्र फार सुंदर आहे. लाल संडासाचं, निळं टेबलाचं, हिरवं पॅन्ट्रीचं. जगभर चांगल्या कंपन्या असा रंगभेद पाळतात, म्हणजे कमोडवरचं काही कपात जाऊ नये. तुमचा ठेकेदारही पाळतो, फडकी नवी असतात तोवर. बदली फडकी द्यायचं त्याच्या हिशेबात बसत नाही, धुवायला वेगळी मोरी तुमच्या ऑफिसात नाही, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्या फडक्यांत समता नांदू लागते आणि ती एकाच करड्या रंगाची होतात. त्यातलं कुठलं बेसिनच्या नळावरून तुमच्या टेबलावर आलं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. टेबल मात्र चमकतं.

संडासाच्या दारामागे लावलेला तक्ता हा तर लघुकथेचा नमुना. दर तासाचा रकाना, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण, शेवटी सही. सकाळी सव्वादहाला आत गेलात तर संध्याकाळी सहाची खूणही झालेली दिसेल. त्यावरून मावशींना बोलू नका. दर तासाला यायचं तर त्या दोघींनी पाच मजल्यांचे संडास वाटून घ्यायचे आहेत, मधल्या वेळात चहाचे कप विसळायचे आहेत, कुरिअर खाली न्यायचं आहे, साहेबांच्या गाडीतून लॅपटॉपची बॅग आणायची आहे. कोटेशनमध्ये चार माणसं होती. उरलेली दोन मस्टरवर आहेत, रोज हजर, एकही खाडा नाही.

कागदपत्रं दर महिन्याला बिलाबरोबर मागत जा, कारण मागायची पद्धत आहे. पीएफचं चलन येईल, ईएसआयचं येईल, शिक्के ठसठशीत असतील. चलनाबरोबर नावांची यादी असते. तीत तुमच्या मजल्यावरच्या मावशींचं नाव शोधण्याचा मोह आवरा. त्यांच्याच मोबाइलवर त्यांचं पीएफ पासबुक पाच मिनिटांत उघडून बघता येतं, म्हणून तर ते टाळायचं. पगाराचं बँक स्टेटमेंटही येईल, धुतल्या तांदळासारखं: किमान वेतन, पूर्ण, सात तारखेच्या आत. ते खरं असतं. मग त्याच संध्याकाळी सुपरवायझर 'वरचे' पैसे रोखीने परत गोळा करायला येतो. जिथे त्याला एवढे हेलपाटे नको असतात तिथे एटीएम कार्डंच त्याच्या खिशात असतात. तुमच्या पथ्यामुळे न झालेली ती बेरीज अशी जिन्याखाली, पार्किंगच्या अंधारात पूर्ण होते.

मावशींना बसायला जागा लागते हा गैरसमज आहे. डबा खायला इलेक्ट्रिक पॅनेलची खोली आहे, तिथे झाडू-बादल्यांसोबत दोन माणसं मांडीला मांडी लावून मावतात. दारावर कवटीचं चित्र आणि '४४० व्होल्ट' असतं, त्यामुळे कोणी मध्येच येत नाही. पाचव्या मजल्यावरचे जे संडास त्या दिवसभर धुतात ते वापरायचे नाहीत, त्यासाठी तळघरात ड्रायव्हर लोकांचा आहे. लिफ्टही मागची. ऑफिसात कोणाचं पाकीट हरवलं तर मात्र त्या एकदम सर्वांच्या नजरेत येतात.

वर्षातून एकदा त्यांचा सन्मान होतो, तोही थेट नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहायचं ही आपल्याकडची जुनी रीत. ऑफिसातही हौसेने करतात, एचआरच्या मुली साड्या नेसून फोटो काढतात. केरसुणीला हळदकुंकू, केरसुणी धरणारीला सोनपापडीचा पाव किलोचा डबा. बोनस ठेकेदार देणार. त्याने कोटेशनमध्ये धरला नव्हता, हे आपल्याला माहीत नाही, कारण आपण बेरीज केली नव्हती.

मग केव्हातरी गटाराचं चेंबर तुंबतं. शक्यतो भर पावसात, मोठं गिऱ्हाईक भेटीला यायच्या आदल्या दिवशी. पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळं करणारी जेटिंगची गाडी मागवायची तर काही हजार लागतात. ठेकेदार म्हणतो, 'कशाला साहेब, दोन पोरं पाठवतो, पाचशे-पाचशे द्या त्यांना.' गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस संरक्षक साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा घाण येतो, फार असला की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं, आणि उतरलेल्याला वाटतं, वायू गेला. पहिला पोरगा वर येत नाही म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तीस लाखांना जेटिंगच्या भाड्याने भागा. हा भागाकार आहे, बेरीज नाही, तेव्हा पथ्य मोडत नाही.

कराराच्या शेवटी वकिलाकडून एक कलम घालून घ्या: 'कामगारांच्या कोणत्याही देण्याशी कंपनीचा संबंध राहणार नाही.' वाचायला फार शांत वाटतं. एखाद्या महिन्यात ठेकेदाराचा फोन बंद लागतो आणि मावशी रिसेप्शनला येऊन, खुर्चीवर न बसता, 'दोन पगार राहिलेत' म्हणतात. तेव्हा हे कलम त्यांना वाचून दाखवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ते दाखवायला नेऊ नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आली आहे आणि नव्या कामगार संहितांनीही ती पुसलेली नाही. देऊन झाल्यावर तुम्ही ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करू शकता. तो सापडला तर.

एवढ्या थराला जाऊ द्यायचं नसेल तर ठेकेदार वरचेवर बदलत राहा. चौथ्या वर्षाच्या आत तर नक्कीच, कारण ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना द्यायच्या रकमेचा, विषय सहसा सलग पाच वर्षांनी निघतो आणि तो कोणालाच नको असतो. नवा ठेकेदार एक तारखेला 'फ्रेश ट्रेन्ड स्टाफ' आणतो. दारातून त्याच मावशी आत येतात, तोच डबा, तीच पॅनेलची खोली, जुनी नोकरी कागदावर शून्य. हिरव्या टी-शर्टच्या जागी मरून आलेला असतो. मापं घ्यायचा खर्च वाचला म्हणून ठेकेदाराकडे आणखी दीडशे कमी करून मागा, तो देईल.