औंढ्याच्या ‘न्यूट्रिनो किरणां’चा मेसेज धडधडीत खोटा आहे

‘औंढा नागनाथच्या प्रयोगशाळेत न्यूट्रिनो किरण पकडून त्यांचं डार्क मॅटर बनवतात. त्यामुळेच वसमत-कळमनुरीकडे जमीन हादरते, बोअर आटतात. गरोदर बायांनी दुपारी घराबाहेर पडू नये.’ हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरी पोचला. तिला सातवा महिना आहे. सासूबाईंनी तिला दवाखान्यात तपासणीलाही जाऊ दिलं नाही. आता गप्प बसणं शक्य नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला उभी राहतेय ती लायगो-इंडिया ही वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेझर सोडून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपायच्या, हे तिचं काम. न्यूट्रिनो म्हणजे अणूहूनही लहान, विद्युतभार नसलेले कण. त्यांची वेधशाळा २०१५ साली मंजूर झाली ती तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, आणि तिचंही काम आपसूक येणारे न्यूट्रिनो नोंदवण्याचंच होतं.

आता गरोदर बायांचं. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. घरात बसलं तरी जातात. रात्री तर ते अख्खी पृथ्वी ओलांडून पायाखालून वर येतात. मग दुपार टाळून काय साधणार? जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगशाळेत ५०,००० टन पाणी साठवलंय, तरी त्यात दिवसाकाठी सूर्याचे जेमतेम पंधरा-वीस न्यूट्रिनो सापडतात. इतका हा कण कशालाच धडकत नाही. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही दर सेकंदाला असे हजारो कण बाहेर पडतात. बाळाला धोका न्यूट्रिनोचा नाही, चुकलेल्या तपासणीचा आहे. रक्तदाब वाढलेला कळला नाही, तर आई आणि बाळ दोघंही जिवाला मुकू शकतात.

डार्क मॅटर म्हणजे दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणामुळे जाणवतो असा विश्वातला पदार्थ. त्याबद्दल मात्र अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. न्यूट्रिनो दिसत नाहीत, त्यांना थोडं वस्तुमान आहे, आणि एके काळी शास्त्रज्ञांनीच त्यांना डार्क मॅटरचे उमेदवार मानलं होतं. पण जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने २०२५ साली दाखवलं की न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. विश्वातलं डार्क मॅटर साध्या पदार्थाच्या पाचपटींहून जास्त आहे. एवढा भार हे कण पेलू शकत नाहीत. शिवाय सुरुवातीच्या विश्वात ते इतक्या वेगाने धावत होते की त्यांच्यामुळे आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांएवढे पुंजके जमलेच नसते. ‘स्टेराइल’ नावाच्या वेगळ्या, जड न्यूट्रिनोचा शोध चालू आहे, पण तो अजून कुणाला सापडलेला नाही. न्यूट्रिनोपासून डार्क मॅटर ‘बनवण्याची’ रीत तर जगात कुठेच नाही.

बोअर आटतात ते बेसुमार उपशाने आणि पावसाने ओढ दिल्याने. यावर जास्त लिहायची गरज नाही.

राहिले धक्के. ते खरे आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैत आपण सगळे घराबाहेर धावलो होतो. पण तेव्हा औंढ्याला यंत्र बसलेलंही नव्हतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा लायगो-इंडियाचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. तिथे हजारो माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर कोसळून. तशी घरं आपल्याकडे आजही आहेत. धक्क्यानंतर भिंतीला तडा गेला असेल, तर त्या खोलीत झोपू नका आणि आजच तलाठ्याला कळवा.